रात्रपाळीचं पाणी, समोरचे एलईडी आणि अंधाराला न सरावणारे डोळे

वारणाकाठ (वाळवा तालुका)

नमस्कार मंडळी. शेतीपंपाची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे. रात्रीच्या आठवड्यात ट्यूबलाईटखालून उठून थेट उसात दारं धरायला, म्हणजे सरीसरीत पाणी वळवायला, जायचं असतं. त्यावरून चार प्रश्न आहेत. जाणकारांनी आकड्यांसकट सांगावं. "डोळ्यांना विश्रांती द्या" छाप उत्तरं नकोत.

एक, उजेडातून अंधारात आल्यावर डोळे पूर्ण सरावायला नक्की किती वेळ लागतो? मध्येच मोबाईल बघितला तर किती मागं जातो?

दोन, अंधारात बांधावरचा पांढरा पाईप कडेनं दिसतो आणि सरळ बघितलं की गायब होतो. हा भास का?

तीन, मोटारसायकलवर समोरच्या एलईडीनं डोळे दिपतात. दुकानात "नाईट ड्रायव्हिंग" म्हणून पिवळ्या काचेचा चष्मा मिळतो, त्याचा उपयोग होतो का?

चार, घरात ६२ वर्षांचे वडीलधारे आहेत, शुगर आहे. कडुसं पडलं की त्यांची पायरी चुकते. आणि १४ वर्षांचा मुलगा आहे. दिवसा फळ्यावरचं सगळं वाचतो, पण दिवेलागणीला चौकटीला खांदा धडकतो, अंगणात पडलेली चप्पल पायात येते. दोघांना गाजराचा रस चालू केलाय. हे वयाचं, की रातांधळेपणाचं?

मिरजेचा चष्मेवाला (ऑप्टोमेट्रिस्ट)

चौथा प्रश्न आधी घेतो. बाकीचे तीन महिनाभर थांबले तरी चालतील.

मुलगा १४ वर्षांचा, दिवसा नजर चांगली आणि संध्याकाळी कडेच्या वस्तूंना धडकतो. एवढ्या वर्णनावर डोळ्याच्या आतल्या पडद्याची (रेटिनाची) तपासणी ताबडतोब करायला हवी. फळ्यावरचं वाचता येणं म्हणजे फक्त नजरेचा मध्यबिंदू शाबूत असणं. अंधारात आणि कडेला बघण्याचं काम पडद्यावरच्या दुसऱ्याच पेशी करतात, आणि चष्म्याच्या दुकानातल्या अक्षरांच्या तक्त्यावर त्या पेशींची परीक्षा होतच नाही.

रेटिनायटिस पिगमेंटोसा नावाचा आनुवंशिक आजार आहे. त्यात अंधारात बघणाऱ्या दंडपेशी आधी मरतात. म्हणून पहिली तक्रार तिन्हीसांजेची असते. मग हळूहळू कडेची नजर आवळत जाते, नळीतून बघितल्यासारखी. मधली नजर बरीच वर्षं टिकते, त्यामुळे शाळेत कुणाच्या लक्षात येत नाही. पोर धांदरट आहे, बघून चालत नाही, असं म्हणून वर्षं निघून जातात. या मुलाला हाच आजार आहे असं मी इथं बसून म्हणत नाही. पण तो नाही हे डॉक्टरांनी बघून सांगितलं पाहिजे.

तपासणी अशी होते. थेंब टाकून बाहुली मोठी करून पडदा बघतात. मग पेरिमेट्री, म्हणजे कडेची नजर किती अंशांपर्यंत आहे याचा नकाशा. शंका राहिली तर ईआरजी, म्हणजे उजेडाला पडद्याच्या पेशी किती विजेची प्रतिक्रिया देतात ते मोजणं. थेंब टाकल्यावर चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं आणि ऊन सोसत नाही. सोबत मोठं माणूस आणि टोपी असू द्या, त्या दिवशी सायकल नको.

आता नाजूक प्रश्न. मुलाचे आई-वडील लग्नाआधीचे नातेवाईक आहेत का? आपल्याकडे मामाची मुलगी करणं सर्रास आहे, म्हणून विचारतो. या आजाराचे अनेक प्रकार आहेत. त्यातल्या एका प्रकारात आई आणि वडील दोघांकडे तोच दडलेला दोष असावा लागतो, आणि तसं असेल तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. नात्यातल्या लग्नात दोघांकडे एकच दोष आलेला असणं जास्त संभवतं. त्यामुळे मुलाला भावंडं असतील तर त्यांचेही पडदे तपासायचे.

गाजराचं म्हणाल तर अ जीवनसत्त्व कमी पडून रातांधळेपणा येतो, हे खरं आहे. पण तो मुख्यतः कुपोषित लहान मुलांत, आणि जुनाट जुलाब, यकृताचा किंवा पचनाचा आजार असलेल्या मोठ्यांत दिसतो. त्यात डोळ्याच्या पांढऱ्या भागावर, बहुतेक कानाकडच्या बाजूला, साबणाच्या फेसासारखा कोरडा ठिपका दिसू शकतो. त्याला बिटोचे ठिपके म्हणतात. शरीरात अ जीवनसत्त्व पुरेसं असेल तर आणखी घेऊन नजर तसूभरही वाढत नाही. गाजर खा, त्यात वाईट काही नाही. शेवग्याचा पाला, मेथी, राजगिरा, लाल भोपळा, पपई, आंबा यांतूनही मिळतं, आणि ते चरबीत विरघळणारं असल्यामुळे भाजीला तेलाची फोडणी हवीच. नुसता रस उपाशीपोटी पिण्यात फायदा कमी, आणि शुगरच्या माणसाला पेलाभर रस हा निव्वळ तोटा. वडीलधाऱ्यांचा रस आज बंद करा.

कॅप्सूल मात्र मनानं आणू नका. सरकारी कार्यक्रमात बाळाला नवव्या महिन्यात १ लाख युनिट आणि पुढं दर सहा महिन्यांनी २ लाख युनिट, असे पाच वर्षांपर्यंत नऊ डोस देतात. ते अंतर राखूनच द्यायचे असतात. अ जीवनसत्त्व यकृतात साठतं, जास्त झालं तर बाधतं, आणि गरोदर बाईनं मोठे डोस घेतले तर पोटातल्या बाळाला व्यंग येऊ शकतं.

६२ वर्षांच्या माणसाबद्दल तीन शक्यता आहेत आणि तिन्ही एकत्रही असू शकतात. मोतीबिंदू असेल तर समोरच्या दिव्याभोवती वलय दिसतं, उजेड फुटतो, चष्म्याचा नंबर वरचेवर बदलतो. शुगरमुळे पडद्यावर परिणाम असेल तर दिवसाही ठिपके किंवा धूसरपणा येतो. पण सुरुवातीला काहीच कळत नाही, म्हणून शुगरवाल्यानं वर्षातून एकदा थेंब टाकून पडदा दाखवायचाच. आधी पडद्यावर लेझर झालं असेल तर त्यानंतर अंधारात कमी दिसणं अपेक्षित आहे. लेझर कडेच्या पेशींचा बळी देऊन मधली नजर वाचवतं. आणि तिसरं निव्वळ वय, त्याचं पुढं लिहितो. दरम्यान पायऱ्यांच्या कडेला दोन बोटं रुंद पांढरा पट्टा रंगवा. खर्च एका डब्याचा.

वारणाकाठ

सर, मुलाचे आई-वडील आत्या-मामाची भावंडं आहेत. धाकटी बहीण नऊ वर्षांची आहे. दोघांना सोमवारी मिरजेला आणतो. तोवर घरी काही बघता येईल का?

मिरजेचा चष्मेवाला

बहिणीलाही आणताय ते बरं. घरी एवढं करा. मुलासमोर हातभर अंतरावर, डोळ्याला डोळा येईल असं बसा. त्यानं डावा डोळा झाकायचा, तुम्ही तुमचा उजवा. त्यानं तुमच्या उघड्या डोळ्याकडेच बघत राहायचं. तुम्ही दोघांच्या बरोबर मध्ये, बाहेरून आत, बोट हलवत आणा. तुम्हाला बोट दिसू लागतं त्याच सुमारास त्यालाही दिसायला हवं. वर, खाली, दोन्ही बाजूंनी बघा, मग डोळा बदला. त्याला बऱ्याच उशिरा दिसलं तर डॉक्टरांना तसं सांगा. बरोबर दिसलं म्हणून मात्र सोमवार रद्द करू नका. ही चाचणी ढोबळ आहे, सुरुवातीचा दोष तिच्यातून निसटतो.

आता पहिला आणि दुसरा प्रश्न. दोघांचं उत्तर एकाच ठिकाणी आहे.

पडद्यावर दोन जातीच्या पेशी असतात. शंकूपेशी साधारण ६० लाख. त्यांना रंग कळतो, बारीक अक्षर कळतं, पण भरपूर उजेड लागतो. दंडपेशी जवळपास १२ कोटी. त्यांना रंग कळत नाही, बारकावा कळत नाही, पण उजेडाच्या अगदी कणाकणाला त्या जाग्या होतात. दंडपेशींत र्‍होडॉप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं. उजेड पडला की ते मोडतं, अंधारात पुन्हा जुळतं. जुळायला लागणारा कच्चा माल अ जीवनसत्त्वापासून येतो. गाजराची सगळी कीर्ती एवढ्या एका दुव्यावर उभी आहे.

लख्ख उजेडातून काळोखात आलात की पहिली पाच ते आठ मिनिटं शंकूपेशी आपली कुवत वाढवतात आणि तिथंच थांबतात. मग क्षणभर वाटतं, आता यापेक्षा जास्त दिसणार नाही. साधारण सात ते दहा मिनिटांच्या सुमारास दंडपेशी त्यांना मागं टाकतात आणि नजर पुन्हा उघडू लागते. २० मिनिटांत बरंच काम होतं, पूर्ण सरावायला ३० ते ४० मिनिटं. बहुतेक लोक दहाव्या मिनिटाला "काही दिसत नाही" म्हणून बॅटरी लावतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात.

बाहुलीचा यात वाटा लोक समजतात तेवढा नाही. ती २ मिलिमीटरची ८ मिलिमीटर झाली तर क्षेत्रफळ १६ पट होतं, म्हणजे उजेड १६ पट. पण डोळ्याची एकूण संवेदनशीलता लाखो पटींनी वाढते. ती वाढ रसायनातून आणि पडद्यातल्या जोडण्यांतून येते, म्हणूनच वेळ लागतो. बाहुली काही सेकंदांत फाकते, रसायन घाई करत नाही. साठीत बाहुली पूर्वीइतकी फाकत नाही आणि भिंगही पिवळट होतं, त्यामुळे साठीच्या माणसाच्या पडद्यावर विशीतल्या पोराच्या साधारण एक तृतीयांश उजेड पोचतो. सरावायलाही त्याला जास्त मिनिटं लागतात. तेव्हा "आमच्या पोराला दिसतं, मला कसं दिसत नाही" हा वाद घालू नका.

मोबाईलनं किती मागं जाता? स्क्रीन किती उजळ आणि किती वेळ, यावर ते ठरतं. पूर्ण ब्राइटनेसवर मेसेज वाचलात तर काही मिनिटं गेली. समोरून गाडीचा अप्पर डोळ्यांत आला तर त्याहून जास्त. आणि एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. दिवसभर रणरणत्या उन्हात उघड्या डोळ्यांनी काम केलं असेल तर त्या रात्री सरावायला दहा-दहा मिनिटं उशीर होऊ शकतो. रात्रपाळी असेल त्या दिवशी काठाची टोपी, जमलं तर गॉगल. आणि विडी नको. काडीच्या जाळानं डोळे दिपतात ते वेगळंच, धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडनं रक्तातला प्राणवायू कमी होतो, आणि पडदा प्राणवायूच्या बाबतीत फार खादाड आहे.

पाईप गायब होतो तो भास नाही. पडद्याच्या अगदी मध्यावर फक्त शंकूपेशी असतात, दंडपेशी एकही नाही. म्हणजे मिट्ट काळोखात तुमच्या नजरेच्या मधोमध एक आंधळा ठिपका असतो, हात लांब केल्यावर अंगठ्याचं नख जेवढं दिसतं साधारण तेवढा. सरळ बघितलं की पाईप त्या ठिपक्यात पडतो. दंडपेशींची सगळ्यात जास्त गर्दी मध्यापासून सुमारे २० अंशांवर असते. म्हणून वस्तूच्या थोडं बाजूला बघायचं, आणि नजर एका जागी खिळवायची नाही, फिरती ठेवायची. खिळलेल्या नजरेला अंधारात खांब हलल्यासारखा वाटतो. भुताच्या निम्म्या गोष्टी तिथूनच निघत असाव्यात.

अरुंधती_दिसते_का (सातारा)

तिरकं बघायची सवय आकाश बघणाऱ्यांना आधी लावावी लागते, म्हणून थोडी भर घालतो.

सरावासाठी कृत्तिकांचा पुंजका उत्तम. सरळ बघितलं तर चार-पाच तारे, थोडं बाजूला बघितलं की सहा आणि मागं धुकटसं काही. थंडीतल्या संध्याकाळी देवयानीचा धूसर डाग असाच: तिरकं बघितलं की उमटतो, रोखून बघितलं की विझतो. सप्तर्षींतली अरुंधती मात्र या कामाची नाही. वसिष्ठापासून ती सुमारे १२ कलांवर (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) आहे आणि पुरेशी तेजस्वी आहे, ती सरळ नजरेनंच सुटी दिसायला हवी. दिसत नसेल तर अंधाराला दोष देऊ नका, चष्म्याचा नंबर तपासा.

दुर्बिणीला एकच डोळा लावताना बाजू निवडावी लागते. प्रत्येक डोळ्याच्या नजरेत मध्यापासून सुमारे १५ अंशांवर, कानाच्या बाजूला, जन्मजात आंधळा बिंदू असतो, कारण पडद्यावर त्याच्या जागी डोळ्याची नस बाहेर पडते. उजवा डोळा लावला असेल तर नजर उजवीकडे न्या, म्हणजे वस्तू नजरेच्या नाकाकडच्या बाजूला पडते. उलट केलंत तर वस्तू त्या खड्ड्यात जाते. दोन्ही डोळे उघडे असतील तर हा प्रश्न नाही, एक डोळा दुसऱ्याचं झाकतो.

रंगांचंही ध्यानात घ्या. दिवसा डोळा ५५५ नॅनोमीटरला, म्हणजे पोपटी-पिवळ्याला सर्वांत जास्त दाद देतो. अंधारात तो कल ५०७ नॅनोमीटरकडे, निळसर हिरव्याकडे सरकतो. पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञानं हे नोंदवलं, म्हणून त्याचंच नाव या बदलाला आहे. कोजागरीच्या चांदण्यात लाल जास्वंद काळी पडते आणि तिचीच पानं उजळ दिसतात, ते यामुळे. पौर्णिमेचा चंद्र डोक्यावर असला तरी जमिनीवर उजेड पाव लक्सच्या आसपास, दुपारचं ऊन लाखभर लक्स. एवढ्या फरकात तोच डोळा काम करतो हेच नवल.

दंडपेशींना ६४० नॅनोमीटरच्या पुढचा गडद लाल जवळजवळ दिसतच नाही, म्हणून नकाशा बघायला लाल दिवा वापरतात. पांढऱ्या बॅटरीवर लाल जिलेटिन कागदाचा एकच पदर लावून भागत नाही, त्यातून नारिंगी आणि पिवळं गळतं. तीन पदर घ्या. आणि लाल दिवासुद्धा भगभगीत असेल तर सगळं मुसळ केरात. अक्षर जेमतेम वाचता येईल एवढाच ठेवायचा.

सरावणं प्रत्येक डोळ्याचं वेगळं चालतं, हे उपयोगी आहे. मोटारीच्या पेटीवरचा दिवा लावायचा असेल तर एक डोळा घट्ट मिटून ठेवा, काम करा, दिवा विझवा, मग तो डोळा उघडा. त्याचा सराव बऱ्याच अंशी शाबूत असतो. पापणीतून थोडा उजेड जातो, वर तळहात धरला तर आणखी चांगलं.

ट्रॉलीच्या_मागं (कराड, ड्रायव्हिंग शिकवतो)

पिवळ्या चष्म्याबद्दल स्पष्ट सांगतो. रात्री घालायचा नाही. पिवळी काच निळा भाग अडवते, म्हणजे आधीच कमी असलेल्या उजेडातून आणखी वजाबाकी. समोरचा दिवा जेवढा मंद होतो तेवढाच रस्त्यावरचा माणूसही मंद होतो. कडा उठून दिसल्यासारख्या वाटतात, त्यामुळे घालणाऱ्याला भरवसा वाढतो, आणि त्यात धोका आहे. चष्मा असेलच तर पांढऱ्या काचेला अँटी-रिफ्लेक्शन कोटिंग करून घ्या. साध्या काचेच्या दोन पृष्ठभागांवरून मिळून सुमारे ८ टक्के उजेड परत फिरतो आणि दिव्यांच्या भुतासारख्या प्रतिमा दिसतात. कोटिंगनं तो टक्क्याच्या आत येतो.

खरं गणित वेगाचं आहे. अंधारात अंधूक वस्तू दिसणं, ती काय आहे हे कळणं आणि ब्रेकवर पाय जाणं, याला अडीच सेकंद धरा. कोरड्या डांबरावर ताशी ४० ला थांबायला सुमारे ३८ मीटर लागतात, ६० ला ६५, ८० ला ९७. डिपरवर काळपट, बिनरिफ्लेक्टरची वस्तू ओळखू येते ती फार तर ४०-५० मीटरवर. म्हणजे ऊस हंगामात आतल्या रस्त्याला डिपरवर ६० नं जाणारा माणूस ट्रॉली दिसायच्या आधीच तिच्यात गेलेला असतो, फक्त त्याला ते कळलेलं नसतं.

ट्रॉलीचा दोष असा. नियमानं मागं लाल, पुढं पांढरी, बाजूला पिवळी रिफ्लेक्टर पट्टी असते. पण ऊस भरला की वाढे (उसाचे हिरवे शेंडे) मागच्या फळीबाहेर लोंबतात आणि पट्टी, दिवा दोन्ही झाकतात. शिवाय चिखल. पट्टी काचेच्या बारीक मण्यांवर किंवा प्रिझमवर चालते, वर मातीचा पातळ थर बसला तरी ती परत उजेड देत नाही. ट्रॉलीवाल्यांनी फडातून निघताना पट्टीवरून ओलं फडकं मारावं आणि सगळ्यात मागच्या मोळीला सुटी रिफ्लेक्टर पट्टी बांधावी. मागून येणाऱ्याला रुंदी कळली पाहिजे, एका टिकलीनं कळत नाही. एकच लाल ठिपका लांबून मोटारसायकलसारखा वाटतो.

समोरून अप्पर आला तर नजर त्याच्यावरून काढून रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर न्या. दिवा पास झाल्यावर नजर परत यायला काही सेकंद जातात, वय वाढेल तसे जास्त. ५ सेकंद धरले तर ६० च्या वेगानं ८३ मीटर तुम्ही जवळजवळ आंधळे चाललात. म्हणून दिवा जवळ यायच्या आधीच वेग कमी करा, पास झाल्यावर नाही.

स्वतःचा दिवाही तपासा. गाडी सपाट जागी भिंतीपासून ५ मीटरवर उभी करा, नेहमीचा माणूस सीटवर बसवा. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची भिंतीवर खडूनं मारा. डिपरच्या उजेडाची वरची कड त्या खुणेच्या ५ ते ७ सेंटीमीटर खाली हवी. मागं माणूस किंवा दुधाचे कॅन घेतले की गाडीचं ढुंगण बसतं आणि दिवा वर बघायला लागतो. ओझं घेऊन पुन्हा तपासा. हेल्मेटची काच ओरखडलेली असेल तर बदला, पुसून काही होत नाही. चारचाकीची काच आतून पुसा, आतल्या चिकट थरानं उजेड जास्त फुटतो.

भर दुपारीही हाच घोळ होतो तो खंबाटकीच्या बोगद्यात. उन्हातून आत शिरताना डोळा उन्हालाच सरावलेला असतो. तोंडाशी येण्याआधी गॉगल काढा, दिवा लावा, अंतर वाढवा.

गावरान_उपाय

एवढं कशाला ओ. पिवळा चष्मा घातला की झकास दिसतं, हजारो लोक वापरतात. आणि गाईचं तूप डोळ्यांत घातलं की रातांधळेपणा जातो, जुनी माणसं सांगायची.

मिरजेचा चष्मेवाला

दादा, तूप खा, भाकरीवर घ्या. डोळ्यांत घालू नका. ते निर्जंतुक नसतं, बुबुळावर ओरखडा असेल तर तिथं जंतू वाढतात, आणि उसाच्या पात्यानं असे ओरखडे रोज होतात. तुपात अ जीवनसत्त्व असतं, पण ते पोटातून गेलं तरच पडद्याला मिळतं.

चष्म्यावरून आठवलं. ज्यांना अर्धा-पाऊण नंबर आहे आणि "दिवसा चालतं" म्हणून जे चष्मा लावत नाहीत, त्यांनी रात्री गाडीवर तो लावायचाच. अंधारात बाहुली ३ ची ६ मिलिमीटर झाली की तोच नंबर दुप्पट धूसर करतो. शिवाय काही लोकांना, विशेषतः तरुणांना, अंधारात उणे अर्धा किंवा जास्त नंबर नव्यानंच येतो, दिवसाच्या तपासणीत तो सापडत नाही. तुमची तक्रार फक्त रात्रीची असेल तर तपासणाऱ्याला तसं आधी सांगा.

वारणाकाठ

मग ठरवायचं काय? लाल बॅटरी घेऊन डोळे सरावून जायचं, का पांढरी लावायची?

ट्रॉलीच्या_मागं

उसात लाल अजिबात नको. लाल उजेडात माती, पाचट आणि घोणस एकाच रंगाची होतात. अंगावरच्या ज्या नक्षीवरून ती ओळखायची तीच पुसली जाते. मण्यार तर रात्रीच फिरते. आकाश बघायला सरावलेले डोळे लागतात, पाऊल टाकायला उजेड लागतो. ही दोन कामं वेगळी आहेत.

पांढरी बॅटरी, जमिनीवर पसरट झोत, १०० ते २०० ल्युमेन चालण्याला पुरतात. हजार ल्युमेनची लावलीत तर समोरचं पाचट भगभगीत होतं, डोळे त्या उजेडाला सरावतात आणि झोताबाहेरचं सगळं ठार काळं. कपाळावरची बॅटरी हात मोकळे ठेवते, पण उजेड डोळ्याच्याच रेषेतून जात असल्यामुळे सावल्या वस्तूंच्या मागं लपतात, खड्डा आणि ओली माती सारखीच दिसते. नदीकाठच्या धुक्यात तर ती बॅटरी समोर पांढरा पडदाच उभा करते. चालताना बॅटरी कमरेच्या उंचीला हातात धरा, सावल्या लांब पडतात आणि उंचसखल कळतं. दारं मोडताना दोन्ही हात लागले की तीच कपाळाला लावा. पायात गमबूट, हातात काठी, ते सांगायला नको.

पेटीजवळ एक करा. पत्र्याच्या आतल्या बाजूला चकचकीत रंग असेल तर मळकट रंग मारा, नाहीतर बॅटरीचा उजेड थेट तोंडावर उलटतो. आणि बटणांच्या शेजारी रात्री चमकणारा टेप चिकटवा. त्याला बॅटरीचा अर्धा मिनिट उजेड दिला की पुढं बराच वेळ जागा दाखवतो.

अरुंधती_दिसते_का

पाणी सरीच्या टोकाला पोचेपर्यंत बांधावर बसायचं असतं तेव्हा मात्र बॅटरी बंद करा, मोबाईल खिशात. अर्ध्या तासानं वर बघा.

वारणाकाठ

पिवळा चष्मा परत करतोय. पट्ट्याला पांढरा रंग आणलाय. सोमवारी दोन्ही पोरांचं दाखवून इथंच कळवतो.

मिरजेचा चष्मेवाला

सकाळी लवकर या, थेंबाला अर्धा तास जातो. मुलाचा जुना चष्मा किंवा कागद असतील तर सोबत आणा. घरात आणखी कुणाला, आजोबा-चुलत्यांपर्यंत, संध्याकाळी कमी दिसत होतं का ते विचारून या. तिथं पहिला प्रश्न तोच विचारतील.